खोडदची दुर्बीण, आपली रेल्वे आणि खांबावरचे सैल जंपर : परिसरातल्या सरपंचांना खुले पत्र

प्रति,
खोडदच्या दुर्बिणीभोवती वसलेल्या, जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या तालुक्यांतल्या सर्व गावांचे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेचजण मला चेहऱ्यानं ओळखतील, नावानं नाही. वीज गेली की ज्याला आधी शिव्या मिळतात आणि आल्यावर चहा, तो वायरमन मी. ३१ वर्षं याच पट्ट्यात खांब चढलो, डीपीचे फ्यूज बांधले, आकडे काढले आणि काढलेले आकडे दुसऱ्या दिवशी परत लागलेलेही पाहिले. आता निवृत्त होऊन टोमॅटो आणि कांदा करतो. अर्ज आणि लाइन बंद करायचं परमिट सोडून आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा भाषेला सांभाळून घ्या.

गेले काही महिने कट्ट्यावर, सलूनमध्ये, मार्केटला गाडी खाली होईपर्यंतच्या गप्पांत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांबद्दल एकच वाक्य कानावर येतंय : "त्या तबकड्या उचला आन् न्या कुठं न्यायच्या तिकडं." पुणे-नाशिक रेल्वेची मूळ आखणी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी होती. खोडदच्या दुर्बिणीला त्रास होईल म्हणून ती बदलली, गाडी आता अहिल्यानगर-शिर्डीच्या अंगानं जाणार, हे खुद्द रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. तेव्हापासून दुर्बीण म्हणजे आपली वैरीण झाली आहे. ग्रामसभेत तसा ठराव घ्यायची भाषाही ऐकली.

राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. मलाही गाडी हवी आहे. नात नाशिकला शिकते, आणि चाकणच्या चौकात अडकलेल्या टेम्पोत मीही बसलोय, मागं क्रेटमधला माल उन्हानं मऊ पडत असताना. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायच्या आधी ते वांगं काय आहे ते तरी बघा, एवढी विनंती. ठराव जरूर करा. "तबकड्या हलवा" असा करू नका. कसा करायचा ते पुढं सांगतो.

आधी माझीच एक गोष्ट.

नोकरीची वीसेक वर्षं झाली होती. एका दुपारी दुर्बिणीकडची जीप आमच्या सेक्शनला आली. टपावर माशाच्या काट्यासारखा अँटेना. आतून एक पोरगेलासा इंजिनिअर उतरला आणि म्हणाला, "काका, तुमच्या या फीडरवर कुठंतरी ठिणगी उडतेय. आमच्या सगळ्या नोंदी खराब होतायत." मी म्हटलं, फीडर व्यवस्थित चालू आहे, एक तक्रार नाही, व्होल्टेज बघा हवं तर. तो म्हणाला, "वीज चालू आहे हो, पण ती गप्प नाही."

मला जरा रागच आला. पण रात्री घरचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला आणि बांधाबांधानं लाइनीखालून चालत निघालो. पहिल्या तीन-चार खांबांना काही नाही, नुसती नेहमीची सूं. ओढा ओलांडला तशी खरखर सुरू झाली. पुढच्या खांबाला वाढली. त्याच्या पुढच्या खांबाखाली उभा राहिलो तर ट्रान्झिस्टरमधून कढईत पापड सोडल्यासारखा आवाज. बॅटरी बंद करून वर बघत बसलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मधल्या फेजच्या पिन इन्सुलेटरजवळ निळसर ठिपका दिसला. मिणमिणता, मोहरीएवढा.

सकाळी परमिट घेतलं, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, अर्थिंग लावलं आणि चढलो. जंपरची, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याची, बांधणी सैल झालेली, तारेवर पांढरी भुकटी धरलेली, एक पदर तुटलेला, आणि इन्सुलेटरला केसाएवढी चीर. ती बांधणी माझीच होती. मागच्या पावसाळ्यात घाईघाईत तारेनं आवळून खाली उतरलो होतो. इन्सुलेटर बदलला, जंपरला पीजी क्लॅम्प लावला, अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी फोन आला : "काका, गप्प झालं." त्या फीडरवर एकाही घरातला दिवा कधी लुकलुकला नव्हता. आपल्याला जे कधी कळलंच नसतं ते त्या तबकड्यांना किती अंतरावरून ऐकू येत होतं!

मग मीच त्या पोराच्या मागं लागलो, की बाबा, तुम्ही ऐकता तरी काय. त्यानं सांगितलेलं आणि नंतर माझं मी वाचलेलं, जेवढं समजलं तेवढं तुमच्यापुढं ठेवतो.

आपण तिला दुर्बीण म्हणतो, पण तिच्यातून बघायचं काही नसतं. आकाशातून प्रकाशासारख्याच रेडिओ लहरीही येतात, त्या ती गोळा करते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदला साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर लांब पसरलेल्या, म्हणूनच आपल्या वेगवेगळ्या गावांच्या शिवारांत एकेक उभी दिसते. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. सगळ्या तबकड्या ऑप्टिकल फायबरनं खोडदच्या केंद्राला जोडल्यात, त्यामुळं एकत्र ऐकताना त्या २५ किलोमीटरच्या एकाच तबकडीसारखी बारकाई देतात. एक मोडीत काढून चालेल का, याचं उत्तर तिथंच मिळतं.

ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी आधी १९६५ मध्ये आपल्या कल्याणला, हो, मुंबईजवळच्या कल्याणला, सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या मांडून सूर्य ऐकला. मग १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. त्यानंतर खोडद. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च झेपला नसता आणि वाऱ्यानं उलथल्याही असत्या. म्हणून त्यांनी पोलादी दोर ताणून त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या जेमतेम वर जाडीच्या तारेची जाळी बसवली. भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि ऐकायच्या लहरी वीतभरापासून दोन-अडीच मीटर लांबीच्या. चाळणीतून पीठ जातं, लाडू जात नाही, तसं वारा निघून जातो आणि लहर परतते. तार ताणून आकाराला आणणं म्हणजे काय, हे वायरमनला कुणी समजवायला नको. मी पहिल्यांदा जवळून ती जाळी पाहिली तेव्हा दहा मिनिटं नुसता तिचे सांधे बघत उभा होतो. वळीव यायच्या आधी सगळ्या तबकड्या तोंड वर करून उभ्या राहतात ते तुम्हीही पाहिलं असेल. वारा वाढला की त्या तशा ठेवतात. आमच्या वस्तीवरच्या बायका ते बघून वाळवण आत घेतात, ते निराळं.

आता ती ठिणगी. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. प्रत्येक फेरीत व्होल्टेज दोनदा शिखरावर जातं, म्हणजे सैल जंपर सेकंदाला १०० वेळा तडतडतो, दर १० मिलिसेकंदाला एकदा, घड्याळासारखा. आणि आकाशात नेमकं असंच तडतडणारं काही आहे. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा गाभा कधीकधी पुणे शहरात मावेल एवढा गोळा होऊन उरतो, वजन मात्र सूर्याहून जास्त. तो भिंगरीसारखा फिरतो आणि दर फेरीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो, दीपगृहासारखा. त्याला स्पंदक म्हणतात. पहिला १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला, दर सव्वा सेकंदाच्या जरा वर एक ठोका. खेकडा तेजोमेघातला स्पंदक सेकंदाला ३० ठोके देतो. काही तर शेकड्यांनी देतात. म्हणजे माझा तो जंपर खोडदच्या कानाला एक नकली स्पंदक होता, आणि खऱ्याच्या कितीतरी पट मोठ्यानं ओरडत होता.

किती पट म्हणाल, तर खिशातला मोबाइल चंद्रावर नेऊन चालू ठेवला तरी इथून तो आकाशातल्या सगळ्यात ठळक रेडिओ स्रोतांमध्ये मोजला जाईल. हे मी कुणाचं ऐकून नाही, नातवाच्या कॅल्क्युलेटरवर गणित करून लिहितोय. आणि दुर्बीण शोधते ते त्याच्या हजाराव्या-लाखाव्या हिश्श्याचं, कधी त्याहूनही बारीक. म्हणून तिथल्या लोकांनी आपलेच संगणक जाळीच्या बंद खोल्यांत ठेवलेत, आत जाताना आपला फोन बंद करायला लावतात आणि स्वतःचाही करतात. वीजवाहिन्यांची खरखर गाळणारी यंत्रणाही त्यांनी बनवली आहे. पण गहू पाखडताना थोडे दाणे सुपाबाहेर जातातच.

हे ऐकून मिळवलं काय, असं आमच्या कट्ट्यावर हमखास विचारतात. दोन-तीन गोष्टी सांगतो.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं स्कियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर लांब. त्या उतरणाऱ्या यानाचा क्षीण आवाज पृथ्वीवर थेट ऐकत होत्या त्या आपल्या खोडदच्या तबकड्या. आवाज पोचायलाच पावणेदहा मिनिटं लागत होती. यान हवेत शिरलं, पॅराशूट उघडलं इथवरचं ऐकू आलं आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी आवाज तुटला. यान आदळलं होतं. युरोपातले लोक पडद्याकडं डोळे लावून बसले होते तेव्हा त्यांचा कान आपल्या शिवारात होता.

दुसरी. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की खोडदच्या दुर्बिणीनं एका आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूचा आवाज पकडला, जो ८८० कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाला होता. पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी. मधे दुसरी एक आकाशगंगा भिंगासारखी आली आणि तो आवाज ३० पट झाला, म्हणून तो सापडला.

त्याच वर्षी जूनमध्ये तिसरी. जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी सांगितलं की विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा सततचा गुणगुणाट असल्याचा पुरावा मिळतोय. या लहरींची एक फेरी पुरी व्हायलाच वर्षानुवर्षं जातात. त्या बहुधा प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरतात त्यातून निघत असाव्यात. त्या मोजायला तराजू कोणता, तर हेच स्पंदक. त्यांचे ठोके वर्षानुवर्षं टिपत राहायचं आणि कुठं सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागानं मागंपुढं होतात ते बघायचं. युरोपच्या २५ वर्षांच्या नोंदींना खोडदच्या नोंदींची जोड होती. कमी कंप्रतेवर, म्हणजे खालच्या सुरात, स्पंदकाचा ठोका वाटेतल्या विद्युतभारित वायूमुळं जास्त रेंगाळतो, त्याचा हिशेब खोडद चांगला देतं. खोडदच्या मोजमापात माझा तो जंपर किती रात्री तडतडला असेल, हा विचार मला अजून अधूनमधून टोचतो.

रेल्वेकडं येतो.

खोडदची दुर्बीण आता साधारण १२५ ते १४५० मेगाहर्ट्झ (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंप) ऐकते, चार पट्ट्यांत. १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि हजार ते साडेचौदाशेच्या आसपास. मधली ८५० ते हजारची पट्टी मोबाइलच्या टॉवरांनी भरलेली असते, ती दुर्बिणीनं जवळपास सोडूनच दिली आहे. म्हणजे ज्यांना वाटतं की शास्त्रज्ञ आपल्याला काही वापरूच देत नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावं की एका घासाचं ताट त्यांनी आधीच सरकवलं आहे.

आता विजेवरची रेल्वे घ्या. वर २५ हजार व्होल्टची तार, तिला घासत जाणारा पँटोग्राफ. पहाटेच्या दवात लोकलवरची ठिणगी ज्यांनी पाहिली असेल त्यांना जास्त सांगायला नको. तो माझ्या जंपरचा मोठा भाऊ, धावणारा. दुसरं, गाड्यांची टक्कर टाळणारी कवच यंत्रणा इंजिन आणि स्टेशन यांच्यात रेडिओनं बोलते, ४०६ ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मंगळावरचं ते यान कशावर बोलत होतं? ४०१ वर. तिसरं, रेल्वेला तिच्या दळणवळणासाठी २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मिळाली. हायड्रोजन मुळात १४२० वर बोलतो, पण विश्व पसरतंय म्हणून लांबचा हायड्रोजन खालच्या सुरात ऐकू येतो. ती ८८० कोटी वर्षांपूर्वीची हाक साधारण ६२० वर सापडली. ७०० म्हणजे साधारण ८०० कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा शास्त्रज्ञ उगाच ओरडत नव्हते. ठिणगीही त्यांच्या वाटेत आणि बोलणंही त्यांच्याच वाटेत.

पण याचा अर्थ "गाडी की दुर्बीण" असा एकच सवाल उरतो, हे मला मान्य नाही. रेडिओची खरखर अंतरानं कमी होते, डोंगराआड दबते, जमिनीखाली मरते. खोडदची जागा निवडली त्यात भोवतालच्या डोंगरांचा आडोसा हेही एक कारण होतं. कुठल्या टप्प्यात रूळ कुठल्या तबकडीच्या किती जवळ येतो, तिथं खोदाई, बोगदा किंवा आडोसा केला तर किती फरक पडतो, त्या टप्प्यापुरता वेगळा रेडिओ वापरता येतो का, हे सगळं मोजता येतं. आपण मागायचं ते हे. मोजणीचा कागद मागायचा, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल असा. रेल्वेनंही द्यायचा, दुर्बिणीच्या लोकांनीही द्यायचा. आपल्या पोरांच्या तोंडची भाकरी कुठल्या डेसिबलला अडली ते आपल्याला कळलं पाहिजे. शहरातल्या बैठकीत ठरलं आणि आपण पेपरात वाचलं, हे बरोबर नाही. माझा राग असलाच तर तो याच्यावर आहे.

"हलवा" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, कुठं? चीननं गुइझोउ प्रांतात ५०० मीटरची एकच अजस्र तबकडी बांधली, तेव्हा पाच किलोमीटरच्या आतल्या नऊ हजारांवर माणसांना उठवायचं ठरलं होतं. अमेरिकेत ग्रीन बँक गावाभोवती १९५८ पासून शांततेचा जो पट्टा आखलाय तो आपल्या महाराष्ट्राच्या नवव्या हिश्श्याएवढा भरतो, आणि दुर्बिणीच्या अगदी जवळ राहणाऱ्यांच्या वायफायवरही नजर असते. आपल्याकडं जमिनी गेल्या, परिसरात कारखान्यांवर बंधनं आली, हे खरं. पण खोडद गाव खोडदच्या जागीच आहे, यात्रा होते, लग्नात डीजे वाजतो. गजबजलेल्या तालुक्याच्या मधोमध एवढी मोठी दुर्बीण चालते ती तुमच्या-माझ्या थोड्याफार गप्प बसण्यावर. एकदा घालवलेली ही शांतता परत मिळत नाही. ज्या कल्याणला स्वरूप यांनी सूर्य ऐकला तिथं आज स्टेशनबाहेर उभं राहून बघा, शेजारच्याचं बोलणं ऐकू आलं तरी पुष्कळ.

आणि जगातले मोठे शास्त्रज्ञसुद्धा घरच्या आवाजानं फसतात, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाची ६४ मीटरची जुनी दुर्बीण आहे. तिला १९९८ पासून अधूनमधून विचित्र आवाज येत होते, दूर अवकाशातून आल्यासारखे. १७ वर्षांनी, २०१५ मध्ये, उलगडा झाला. जेवण तापायच्या आधीच कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडायचं, ते बंद होतानाचा तो आवाज. भूक लागलेला माणूस कुठलाही असो.

आपल्याकडचे ओव्हन वेगळे आहेत. पूर्वी घरोघर टीव्हीच्या काठीवर बूस्टर असायचे. एखादा बिघडला की तो घेण्याऐवजी स्वतःच प्रक्षेपण करायला लागायचा, आणि घरमालकाला वाटायचं दूरदर्शनच खराब आहे. बूस्टर गेले. आता आल्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून लावलेल्या रस्त्यावरच्या एलईडी. कोटेशनमध्ये शंभर-दीडशे रुपयांनी खाली येणारा दिवा घेतला तर त्याच्या ड्रायव्हरमधला गाळणीचा भागच बनवणाऱ्यानं खाल्लेला असतो. असा दिवा रात्रभर रेडिओवर कुरकुरतो, आणि दोन पावसाळ्यांत जातोही. सोलर पंपाचे स्वस्त इन्व्हर्टर तीच कथा. सरपंच मंडळी, खरेदी तुमच्या सहीनं होते. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, नोंदणीची खूण आणि पक्कं बिल असलेला माल घ्या, एवढंही पुष्कळ झालं.

झटका मशीनचं मात्र जपून बोलतो. बिबट्याच्या भीतीनं वस्तीभोवती तार ओढणाऱ्याला मी तार काढ म्हणणार नाही. आपल्या तालुक्यात संध्याकाळी सातनंतर लेकराला अंगणात सोडायचं धाडस कुणाचं आहे? पण तार गवताला टेकली की दर झटक्याला तिथं ठिणगी उडते, झटका जमिनीत मुरतो आणि बिबट्याला काही लागत नाही. गवत कापा, सांधे पिळून नाही तर क्लॅम्पनं घ्या, अर्थिंगचा रॉड ओलीत ठोका. कुंपण जास्त चावेल आणि दुर्बीणही शांत राहील. आकड्यांबद्दल लिहीत नाही. आकडा टाकणारा हे पत्र वाचणार नाही आणि वाचलं तरी तो आकडा शेजाऱ्याचा आहे असंच म्हणणार.

तर ठराव असा करा, असं माझं सुचवणं आहे. रेल्वेच्या मोजणीचा अहवाल दोन्ही बाजूंनी मराठीत द्यावा आणि आमच्या समोर बसून समजवावा. कारखान्यांवर बंधनं आहेत तर ज्यांच्यामुळं रेडिओला त्रास होत नाही असे शीतगृह, पॅकहाउस, द्राक्ष-टोमॅटोवरच्या प्रक्रियेचे उद्योग या भागाला आधी द्यावेत. बंधनाचा मोबदला म्हणून मागा, भीक म्हणून नाही. आणि दुर्बिणीच्या लोकांनी वर्षातून एकदा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला आपली पोरं बोलवावीतच, फार चांगलं प्रदर्शन असतं ते, माझा नातू दोनदा मॉडेल घेऊन गेलाय. पण आयटीआय झालेल्या पोरांना ती टपावरच्या अँटेनाची जीप चालवायला, खरखरीचा माग काढायलाही शिकवावं. गावातलाच पोरगा खांबाखाली उभा राहून "इथं आहे" म्हणाला तर वायरमनही ऐकतो. मी ऐकलं असतं, एवढा रागही आला नसता.

भारत आता दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या माळांवर उभ्या राहणाऱ्या एसकेए या प्रचंड रेडिओ दुर्बिणीतही भागीदार आहे. केंद्रानं त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केलेत. तिथं माणसं विरळ आहेत म्हणून शांतता आहे. तिकडं जाऊन काम करणारी आपली माणसं मात्र हे काम खोडदला शिकतायत.

ग्रामसभेत हे वाचून दाखवायचं असेल तर दाखवा, मला बोलावलं तर येईन. आणि कुणाला आपल्या गावच्या लाइनीची शंका असेल तर अंधाऱ्या पक्षातली, पावसाची भुरभुर नसलेली रात्र सांगा. माझा ट्रान्झिस्टर अजून चालतो, मी घेऊन येतो. तुमच्या सेक्शनच्या वायरमनला सोबत घ्या, म्हणजे खांब सापडला की सकाळी परमिटची वाट बघायला नको. पायात बूट घाला, बांधाला साप असतात. सेल मात्र तुमचे.

आपला,
एक निवृत्त वायरमन
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे